गुरुवार मंडळात उवा

"शाळा ही मानवजातीनं स्वतःवर ओढवून घेतलेली सर्वांत मोठी आपत्ती आहे, आणि या घरातून ती आजपासून हद्दपार होत आहे." जोलीन प्रुइटनं एक सप्टेंबरच्या सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून असं जाहीर केलं. सभेला नवरा, दोन मुलं आणि एक कुत्रा एवढी उपस्थिती होती. नवरा, म्हणजे कर्टिस, फ्रिजमध्ये डोकं घालून मस्टर्डची बाटली शोधत होता. सहा वर्षांच्या वेंडेलनं नाकपुडीत वाटाणा घातला होता आणि तो बाहेर काढावा की नाही याबद्दल त्याचं अजून ठरत नव्हतं. कुत्रा मन लावून ऐकत होता, पण त्याला शाळेचा काहीच अनुभव नव्हता.

नऊ वर्षांच्या ओपलनं हात वर केला. ही शाळेतलीच सवय, पण जोलीननं तिकडे दुर्लक्ष केलं.

"मग मी खेळू कोणाशी?" ओपलनं विचारलं.

मानवजातीच्या आपत्तीवर जोलीनचं भरपूर वाचन झालेलं होतं. या प्रश्नावर मात्र काहीच झालेलं नव्हतं.

मे महिन्यात प्रुइट मंडळी कोलंबस सोडून ओहायोच्या या कोपऱ्यात, मिल फोर्क नावाच्या गावात राहायला आली होती. कर्टिसला तिथल्या धान्याच्या कोठारावर नोकरी मिळाली होती. गावात एक चर्च, एक दुकान, एक वाचनालय आणि ओळखीचं कुणीही नाही, असा सगळा थाट होता. जोलीननं बारा वर्षं विम्याच्या कचेरीत काढलेली. जी गोष्ट तक्त्याच्या चौकोनात बसत नाही ती जगात नाहीच, अशी तिची धारणा होती. तिनं त्याच दुपारी वेळापत्रक आखलं. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा वाचन, असं करत करत शुक्रवारी दोन ते तीन या चौकोनात तिनं हिरव्या शाईनं लिहिलं: 'मैत्री'.

पहिल्या शुक्रवारी दोन वाजता ओपल केस विंचरून, स्वच्छ फ्रॉक घालून दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. जोलीन तिच्याशेजारी बसली. टपालवाला आला, पत्रं टाकून गेला. समोरच्या घरातली मांजर येऊन बघून गेली. तीन वाजता ओपल उठली आणि म्हणाली, "तास संपला." तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. जोलीनला वाटलं, असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात लेखनाच्या तासाला ओपलनं एक करारनामा लिहिला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मला एक तरी मैत्रीण मिळाली नाही (कुत्रा, भाऊ आणि आई धरायचे नाहीत), तर मी पिवळ्या बसमधून शाळेत जाईन. जोलीननं त्यातल्या चार चुका लाल पेननं सुधारल्या आणि खाली सही केली. सही करण्याआधी तिनं कंसातला 'आई' हा शब्द पुन्हा एकदा वाचला.

तेव्हा मैत्रिणीचा शोध सुरू झाला. गावात घरशाळावाल्यांचं एक गुरुवार मंडळ होतं. चौदा कुटुंबं दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमायची आणि एकमेकांच्या मुलांना शिकवायची. मंडळाच्या प्रमुख व्हर्लीन स्टॉफर. वय बावन्न, सात मुलं, सातही घरीच शिकलेली. अंगात घोट्यापर्यंत डेनिमचा स्कर्ट, डोक्यावर घट्ट अंबाडा, आणि दाराशी पंधरा जणांची व्हॅन. बाईंनी एकदा एखाद्या मुलाकडे बघितलं की ते मूल विचारायच्या आत सत्ताविसाचा पाढा म्हणायला लागायचं. नव्या कुटुंबाला मंडळात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या गुरुवारपर्यंत उमेदवारी करावी लागे, मग मतदान. मंडळाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की एकोणीस वर्षांत इथल्या एकाही मुलाला शाळेतली रोगराई शिवलेली नाही.

तळघरातल्या आया भेटल्या की आधी गोत्र विचारावं तसं विचारायच्या, "तुमचं गणित कुठलं?" म्हणजे कुठल्या पुस्तकमालेचं. उत्तर ऐकून मान डोलवायच्या किंवा डोलवायच्या नाहीत. जोलीनला खाऊचं टेबल पुसण्याचं काम मिळालं. पहिले चार गुरुवार ओपल भिंतीला टेकून उभी राहिली. भिंतही तिला ओळखू लागली असावी. सगळ्या मुलांच्या जोड्या दुधाच्या दातांपासून जमलेल्या. नव्या मुलीशी कुणी वाईट वागत नव्हतं, पण तिच्यासाठी कुणी सरकूनही बसत नव्हतं.

आणि मग ऑक्टोबरच्या मध्याला, एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, ओपलला घेऊन दुकानात गेलेल्या जोलीनला ती दिसली.

घरशाळावाल्यांना मंगळवारी सकाळी साडेदहाला दुकानात शाळेच्या वयाचं मूल दिसलं की काळजात धस्स होतं, पण आनंदानं. एरवी त्या वेळी दुकानात फक्त म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं. मोठं मूल दिसलं म्हणजे ते आपल्यातलंच. कॉर्नफ्लेक्सच्या फळीपाशी ओपलच्याच वयाची एक मुलगी उभी होती आणि तिच्या शेजारी तिची थकलेली, टोपी कपाळावर ओढलेली आई. जोलीन ढकलगाडी घेऊन अशी सुसाट गेली की वाटेतले सूपचे तीन डबे खाली आले.

पुढची दहा मिनिटं जोलीन एकटीच बोलली. पहिलं वर्ष कठीण जातं, नातेवाईक टोमणे मारतात, आपणही नवीनच आहोत, गुरुवारी चर्चमध्ये या, शुक्रवारी घरी या, दोन ते तीन ही वेळ मोकळी आहे. त्या बाईंनी तीनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नवशिक्या माणसाचा संकोच म्हणून जोलीननं तिन्ही वेळा त्यांना धीर दिला. शिवाय तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या दोन मुली कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यामागचं कोडं सोडवायला डोक्याला डोकं लावून खाली वाकल्या होत्या, आणि ओपल हसत होती. सप्टेंबरपासून पहिल्यांदा. जोलीनला त्या हसण्यापुढे दुसरं काही ऐकूच येईना.

चौथ्यांदा मात्र त्या बाईंनी सरळ जोलीनचा दंड धरला. "अहो बाई, जरा ऐकाल का? माझी पोरगी शाळेतच जाते. काल शाळेनंच घरी पाठवलंय. डोक्यात उवा झाल्यात तिच्या. तुमचीला लांब करा आधी."

त्या बाईंचं नाव ऱ्होंडा केसलर. त्यांनी पावतीच्या मागे स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि लागण झालीच तर हाक मारा म्हणाल्या. जोलीननं त्या रात्री आधी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं कीटकांवरचं प्रकरण वाचलं, मग टेबलावरचा दिवा लावून ओपलचं डोकं तपासलं. काही दिसलं नाही. पुस्तकातल्या चित्रात ऊ बशीएवढी मोठी होती. जोलीन त्याच मापाची शोधत होती.

त्याच गुरुवारी तळघरात एक नवल घडलं. बासरीच्या तासाला ओपल कोटांच्या कपाटात जाऊन लपली, तर तिथे आधीच कुणीतरी लपलेलं होतं. व्हर्लीन स्टॉफर यांचं शेंडेफळ, केझाया. वयाच्या नऊ वर्षांत तिच्या केसांना कात्री लागलेली नव्हती. कमरेखाली येणारी गव्हाळ वेणी, आणि बासरीचा मनापासून तिटकारा. दोघींनी एकच मोठा कोट डोक्यावरून घेतला आणि विजेरीच्या उजेडात एकच पुस्तक वाचलं. पुढल्या गुरुवारीही तेच. त्या दिवशी घरी येताना ओपल गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, केझाया धरता येते. मी तिला विचारलंय. तिनंपण मला धरलंय."

जोलीनला गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली. डोळ्यांत काहीतरी गेलं, असं तिनं मुलांना सांगितलं.

त्यानंतरच्या मंगळवारी गणिताच्या तासाला ओपल डोकं खाजवत होती. आवर्ती दशांशामुळे खाजवत असेल असं समजून जोलीननं आणखी चार उदाहरणं घातली. मग वहीवर काहीतरी पडलं आणि चालू लागलं. ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा खूपच लहान होतं, पण पाय बरोबर सहा होते.

तिनं पावती शोधून फोन लावला. ऱ्होंडा अर्ध्या तासात आली. एका हातात मेयोनीजची मोठी बरणी, दुसऱ्या हातात पोलादी दातांची बारीक फणी. आत आल्या आल्या तिनं भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं, 'मैत्री' या चौकोनापाशी थोडी थांबली, आणि बाह्या सरसावल्या. डोकं मेयोनीजनं माखायचं, वर प्लास्टिकची टोपी घालायची, दोन तास बसायचं, मग बटा पाडून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, आणि दर दोन दिवसांनी पुन्हा. मेयोनीजनं त्या मरतात ना, असं जोलीननं वही काढून विचारलं.

"छे गं," ऱ्होंडा म्हणाली. "नुसत्या निसरड्या होतात. मारायचं काम फणीचं आणि तुझं. वही ठेव. हात इकडे आण."

ओपलचं झालं, वेंडेलचं झालं, कुत्र्याचीही विनंतीवरून तपासणी झाली. मग ऱ्होंडानं खुर्चीकडे बोट दाखवलं आणि जोलीनला बसायला सांगितलं. तिच्या मानेपासून कपाळापर्यंत ती सावकाश फणी ओढत राहिली आणि बोलत राहिली: शाळेबद्दल, पगारी रजा बुडते त्याबद्दल, टोपी घालून दुकानात जावं लागतं त्याबद्दल. मे महिन्यापासून जोलीनच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. कर्टिसचा लागायचा, पण तो बाजूला सरक म्हणून. तिला अचानक हुंदका आला. मेयोनीजमधलं लिंबू डोळ्यांत गेलं असेल, असं ती म्हणाली. असेल असेल, असं म्हणत ऱ्होंडानं पुढची बट घेतली. तो दिवस मंगळवार होता आणि वेळ बाराची होती. तक्त्यात तिथे भूगोल होता.

दहा दिवसांत प्रुइटांचं घर साफ झालं. मंडळ मात्र उवांनी भरलं.

पहिली ऊ खुद्द व्हर्लीनबाईंना सापडली, केझायाची वेणी घालताना. बाईंनी तातडीची सभा बोलावली. एकोणीस वर्षांची परंपरा मोडली, याचा उगम शोधलाच पाहिजे, असं त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्या दोघा बापांनी टोप्या काढल्या आणि डोकी खाजवून पुन्हा घातल्या. संशय वाचनालयातल्या खुर्च्यांवर गेला, चर्चच्या रविवारच्या पाहुण्यांवर गेला, कुणाच्या तरी इंडियानातल्या मावसभावावर गेला; जोलीन तेवढा वेळ खाऊचं टेबल पुसत राहिली. उपायही सुरू झाले, पण मंडळाच्या पद्धतीनं. मुलांना उवेच्या जीवनचक्रावर निबंध लिहायला लावले. एकीनं लव्हेंडरचं तेल लावलं, दुसरीनं ऑलिव्हचं. एका कुटुंबानं मुलांकडून उवेची चिकणमातीची प्रतिकृती करून घेतली, ती फार हुबेहूब झाली. खऱ्या उवा तेवढ्यात चौदाच्या चौदा घरांत पोचल्या. बारीक फणी कुणाकडेच नव्हती आणि शाळेतल्या आयांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या गुरुवारी मतदानासाठी सगळे तळघरात जमले तेव्हा व्हर्लीनबाईंनी आधी प्रत्येक डोकं तपासलं. ओपलच्या डोक्यापाशी त्या थबकल्या. भिंग घेऊन पुन्हा बघितलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी इकडे बघा," त्या म्हणाल्या. "पंधरा घरांत हे एकच घर स्वच्छ आहे. याला म्हणतात वळण. मिसेस प्रुइट, आम्ही जुनी माणसं, पण तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे."

टाळ्या पडल्या. जोलीनचे कान पेटले. कर्टिस तिच्या कानाशी लागून म्हणाला, की आता बोलू नकोस, मत पडू दे, मग काय ते बघू. कर्टिस आयुष्यात फार कमी वेळा शहाणपणाचं बोलत असे, आणि ही त्यातलीच एक वेळ आहे हे तिला समजत होतं. पाच मिनिटं गप्प बसलं तर ओपलला मंडळ मिळणार होतं, केझाया मिळणार होती, पिवळी बस टळणार होती. ती खाली बसली आणि खाऊच्या टेबलाचं फडकं हातात घट्ट धरून ठेवलं.

मग व्हर्लीनबाईंनी पिशवीतून कात्री काढली.

सगळे उपाय थकले आहेत, असं त्या म्हणाल्या. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली पाहिजे. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण कात्री दोनदा हातातून निसटली. केझाया न रडता पुढे येऊन खुर्चीवर बसली. तिनं वेणी स्वतःच पुढे घेतली आणि मांडीवर ठेवली, एखादं मांजर ठेवावं तशी. ओपल भिंतीपाशी होती. ती चालत गेली, केझायाच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिचा हात धरला. मग तिनं आईकडे बघितलं. तिनं काही मागितलं नाही, कराराची आठवण करून दिली नाही. नुसतं बघितलं, पायरीवरून त्या पहिल्या शुक्रवारी रस्त्याकडे बघत होती तसं.

जोलीन उठली. आपण उठलोय हे तिला उठल्यावरच कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "ते कापू नका. उवा आम्ही आणल्या."

पुढच्या रांगेतल्या दोघा बापांचे हात डोकं खाजवता खाजवता थांबले.

मग तिनं सगळंच सांगितलं. मंगळवार, साडेदहा, कॉर्नफ्लेक्सची फळी. शाळेतली मुलगी आपल्यातली समजून तिच्यावर कशी झडप घातली ते. उवा सापडल्यावर गप्प बसलो ते. मतासाठी गप्प बसलो, हेही. विम्याच्या कचेरीत बारा वर्षं तिनं कुणाला दावा मंजूर होईल असं एकही वाक्य फुकट दिलं नव्हतं, पण आज तिनं काहीच हातचं राखलं नाही. मुलीनं लिहिलेला करार सांगितला, त्यात आई धरलेली नाही हेसुद्धा सांगितलं. गणित आपण कुठलं वापरतो हे अजून ठरलेलं नाही, जे पुस्तक स्वस्त मिळेल ते, असंही त्या भरात सांगून टाकलं, तेव्हा मागच्या रांगेतून एक उसासा ऐकू आला.

"मत काय द्यायचं ते तुम्ही ठरवा," ती शेवटी म्हणाली. "बाहेर काढलंत तर माझी काही तक्रार नाही. पण या दोघी एका कोटाखाली बसत होत्या म्हणून हिच्या डोक्यात त्या गेल्या. माझ्या मुलीच्या इतकं जवळ कुणी बसलं, याचं मला वाईट वाटत नाही. प्रयत्न केला, पण वाटत नाही. आणि कात्रीची गरज नाही. दोन तास लागतात, फणी माझ्या पर्समध्ये आहे, मेयोनीज वर चर्चच्या फ्रिजमध्ये असणारच. हे मला जिनं शिकवलं ती बाई पोरीला शाळेत पाठवते, आणि या गावातली माझी पहिली मैत्रीण आहे. तिला बोलावलं तर ती येईल."

तिनं पर्समधून पोलादी फणी काढली आणि खाऊच्या टेबलावर ठेवली. दुसरं काय करावं हे न सुचल्यामुळे तिनं टेबलाचा तो कोपरा फडक्यानं पुसलाही.

चौदा घरांची माणसं व्हर्लीनबाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी कात्री मिटली आणि पिशवीत टाकली. ओपलनं केझायाचा हात सोडलेला नव्हता. केझायानं तर आता दुसराही हात वर ठेवला होता. व्हर्लीनबाईंनी ते बघितलं. मग त्या सावकाश चालत जोलीनसमोर आल्या, छोट्या मुलांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ करून बसल्या आणि अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढायला लागल्या. एकोणीस वर्षांत मंडळातल्या कुणीही तो अंबाडा सुटलेला पाहिला नव्हता. केस पांढरे होते, मऊ, आणि लेकीसारखेच लांब.

"मिसेस प्रुइट," त्या मान खाली घालून, फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "आधी जरा डाव्या कानामागं बघता का? रविवारपासून खाजतंय."